'हाडाचा' कॅन्सर की 'हाडात गेलेला'?

महाल भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांच्या मांडीत गाठ निघाली, तपासणीत लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कॅन्सर, ठरला. पुढे कण्यातही डाग दिसला. घरचे 'हाडाचा कॅन्सर झाला' म्हणतात, डॉक्टर म्हणाले, 'हाडाचा नाही, हाडात गेलेला.' हा फरक नुसता बोलण्यातला आहे का? आणि कॅन्सर मूळ जागेहून दुसरीकडे पसरतो त्या 'मेटास्टेसिस'ला मराठीत काय म्हणावं?

ताई, फरक नुसता बोलण्यातला नाही. 'हाडाचा' ही षष्ठी, ती उगम सांगते. 'हाडात' ही सप्तमी, ती फक्त ठिकाण सांगते. ऑस्टिओसार्कोमा हाडाच्या पेशीतूनच उगवतो, तो हाडाचा. तुमच्या वडिलांचा उगवला मांडीतल्या चरबीत. तिथल्या पेशी रक्तावाटे कण्यात पोचल्या तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्या चरबीच्याच घराण्याच्या दिसतात, आणि औषधही त्या घराण्याकडे बघूनच ठरतं. म्हणून षष्ठी चुकली की उपचाराबद्दलचा समजही चुकतो.

गोंधळात भर घालतो तो 'सार्कोमा' हाच शब्द. मूळ ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस, पण आज हाडाच्या काही कॅन्सरनाही सार्कोमाच म्हणतात. मऊ ऊतींचा, म्हणजे स्नायू-चरबी अशा भागांचा, सार्कोमा पसरला तर बहुतेक वेळा आधी फुफ्फुसात जातो. हाडात जाणं त्या मानाने कमी. चरबीतल्या एका प्रकाराची, मिक्सॉइड लायपोसार्कोमाची, ओढ मात्र कण्याकडे असते. म्हणून त्यात अनेकदा पाठीचा एमआरआयही करून घेतात.

आता मराठी शब्द. 'मेटास्टेसिस' म्हणजे जागा बदलणं. त्यातला 'स्टेसिस' आणि आपला 'स्थिती' एकाच धातूचे. आपल्याकडे 'कॅन्सर हाडात उतरला' असं सर्रास म्हणतात. मला तो शब्द धोक्याचा वाटतो. ताप उतरतो, सूज उतरते, तेव्हा आपल्याला बरं वाटतं. माझ्या मावशीच्या वेळी मी फोनवर 'आता हाडात उतरलाय' म्हटलं आणि पलीकडून आजी म्हणाली, 'उतरला ना? बरं झालं बाई.' तिला पुन्हा नीट सांगताना माझा गळा दाटून आला. तेव्हापासून मी 'उतरला' म्हणत नाही.

लेखी मराठीत 'प्रक्षेप' हा शब्द दिसतो, आणि मला तो मनापासून आवडतो. पोथीत मागाहून घुसलेल्या ओवीला आपण प्रक्षिप्त म्हणतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती असे शिरलेले पाठ निवडून काढायलाच. ओवी त्या पोथीत असते, पण त्या पोथीची नसते. कण्यातल्या गाठीचं तेच आहे. लिहिताना 'अस्थिप्रक्षेप' खुशाल लिहा. घरात बोलताना मात्र सरळ 'मांडीतला कॅन्सर कण्यात गेला आहे' म्हणा, त्यात उगम आणि ठिकाण दोन्ही येतं.

तुम्ही शेवटी 'डॉक्टरांनी वर्ष दिलं' असं लिहिलंय, त्याबद्दलही सांगते. दूर पसरल्यावर आजार गंभीर होतो, हे खरंच. अमेरिकेतल्या नोंदींत गाठ मूळ जागीच असताना पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे, दूर पसरल्यावर ते २० टक्क्यांच्या खाली येतं. पण हे आकडे मऊ ऊतींच्या सगळ्या प्रकारच्या सार्कोमांचे मिळून आहेत. आणि डॉक्टर सांगतात ते बहुतेकदा मध्यक असतं: निम्मे रुग्ण त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही जगले. ती कुणाला दिलेली मुदत नव्हे. तेव्हा 'वर्ष दिलं' न म्हणता डॉक्टरांना विचारा, 'बाबांचा प्रकार कोणता, डाग एकच आहे की अनेक, आणि कण्यातला मज्जारज्जू दबू नये म्हणून शेक (रेडिएशन) देणार की ऑपरेशन?' पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.