टेक्सचर, पोत आणि देवीचा पोत

ॲनिमेशन शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: टेक्सचर मॅपिंगला 'पृष्ठभाग नकाशीकरण' म्हणावं का? आणि लायटिंगला काय म्हणावं?

नकाशीकरण? अजिबात नको. मॅप शब्द दिसला की नकाशा उलगडायची ही खोड कधी जाणार कोण जाणे. नकाशा आणि नक्षी दोन्ही अरबी 'नक्श'ची लेकरं, आणि इथलं काम आहे नक्षीचं. संगणक-ग्राफिक्सचे संशोधक एडविन कॅटमल यांनी १९७४ साली यूटा विद्यापीठातल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र चढवून दाखवलं, तेच हे मॅपिंग. 'पोत चढवणे' म्हणा, झालं.

आता पोत. 'पोत म्हणजे खडबडीतपणा' हे हल्ली सर्रास कानावर पडतं. मग रेशमाला पोत नसतो काय? पोत हा विणीचा गुण. माझ्या मते हा 'ओतप्रोत'मधला प्रोत. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? ओत-प्रोत म्हणजे उभे-आडवे विणलेले. काही जण प्राकृत 'पोत्त', म्हणजे कापड, एवढ्यावरच थांबतात. खुशाल थांबोत. त्यांना गळ्यातली मण्यांची पोत कुठून आली ते सांगता येत नाही. प्रोतचा दुसरा अर्थच मुळी 'ओवलेलं'. टेक्सचरसुद्धा लॅटिनमधल्या विणण्यातूनच आलंय.

आणि गोंधळातला देवीचा पोत! कापडाचा पीळ तेलात भिजवून पेटवलेला. म्हणजे कापडाची वीण तो पोत, आणि तेच कापड पेटवून पाडलेला उजेड तोही पोत. ग्राफिक्सवाल्यांना आणखी काय हवं? ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सपाट भिंतीवर जांभ्या दगडाचा फोटो चढवा आणि दिवा बाजूला सरकवा. छिद्रं ढिम्म हलत नाहीत. आता नॉर्मल मॅप जोडा, म्हणजे पृष्ठभागाची लंबदिशा (तीच 'नॉर्मल') कुठे किती कलवायची ते सांगणारं चित्र: दिवा सरकेल तशी प्रत्येक छिद्राची एक कड उजळते, दुसरी काळवंडते. भिंत मात्र सपाटच. कडेनं पाहिलीत तर सरळ रेघ. आकाराला हात न लावता पृष्ठभागाची लंबदिशा तेवढी डळमळीत करायची, ही मूळ युक्ती जेम्स ब्लिन यांची, १९७८ सालची, बंप मॅपिंग नावाची.

हां, लायटिंग. प्रकाशयोजना. नाटकवाल्यांनी तो शब्द कधीच रुळवलाय, नवा पाडू नका. आणि नॉर्मल मॅपला 'सामान्य नकाशा' म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला माझ्याकडे पाठवा.