‘केलो’ आणि ‘केला’

सोलापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

निबंध वाचला. ‘मी अभ्यास केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ या वाक्यांचे परीक्षेत गुण जातील. पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, शिवाय कन्नडचा शेजार. ‘नेनु चेसानु’ म्हण की ‘नानु माडिदे’, दोन्हींत क्रियापद करणाऱ्याशीच जुळतं. इथली बोलीही त्याच वळणाने चालते.

प्रमाण मराठीत सकर्मक क्रिया झाली, की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचं ऐकतं. अभ्यास केला, भाकरी खाल्ली, आंबे खाल्ले, खाणारा तूच. याचं मूळ संस्कृतात आहे. ‘मया कृतम्’ म्हणजे ‘माझ्याकडून केलं गेलं’. त्या ‘कृत’चा वंश म्हणजे आपलं ‘केलं’, आणि कर्माशी जुळायची खोडही तिथलीच. ‘त्याने’ म्हणताना ‘ने’ आपल्याला सावध करतो. ‘मी’, ‘तू’ यांना तो लागतच नाही, म्हणून नेमकं तिथे घसरायला होतं. कर्माला ‘ला’ लागला, तर क्रियापद कुणाचंच ऐकत नाही: मी बहिणीला बोलावलं.

विसरणं, शिकणं, नेसणं ही मंडळी मात्र हट्टी. ‘मी गणित शिकलो’ बरोबर, ‘आई लुगडं नेसली’ही बरोबर. कारण शोधत बसू नकोस, सरळ पाठ कर.

आता खरी गंमत. व्याकरणात या ‘ल’वाल्या रूपांना लाख्यात म्हणतात. त्यांना नुसता भूतकाळ म्हणणं मला अपुरं वाटतं. ‘आलोच!’ म्हणणारा अजून घरात चप्पल शोधत असतो. उलट ‘दोन तास पुस्तक वाचलं’ म्हटलं, तरी ते संपलं असं नाही. संपल्याचं सांगायला ‘वाचून झालं’ लागतं. नेटाने शेवट गाठला तर ‘वाचून काढलं’, कटकट मिटवली तर ‘वाचून टाकलं’. ‘वाचलं आहे’ म्हणजे आता त्यावर काहीही प्रश्न विचार, उत्तर देईन.

‘होतं’ तर तू मिठासारखं भुरभुरवतोस. ‘गड्ड्याच्या यात्रेला गेलो होतो’ म्हटलं, की वाचक ‘मग?’ म्हणून थांबतो, आणि तू पुढे पाळण्यांची वर्णनं करतोस! त्या आधीच्या गोष्टीनंतर काही घडलं असेल, तरच ‘होतो’ वापर.

यात्रेचा परिच्छेद नंदीध्वजांच्या मिरवणुकीपासून पुन्हा लिही आणि रविवारपर्यंत पाठव. ‘होतं’ जास्तीत जास्त एकदा. घरी मात्र ‘मी जेवण केलो’ असंच बोल, आजीला उगाच सुधारू नकोस.

तुझा,
मास्तर