वसंतात आकाश निरभ्र असेल आणि सकाळी बर्फ कडक लागत असेल, तर हिमस्खलनाचा धोका टळला असं समजावं का?

नाही. पहाटेचा कडक बर्फ बऱ्यापैकी भरवशाचा असतो हे खरं, पण तो भरवसा काही तासांपुरताच. शिवाय आदली रात्र कशी गेली, यावर तो ठरतो.

हिवाळ्यात मी ताजा बर्फ किती पडला आणि वारा कुठून होता हे आधी पाहतो. वसंतात मात्र पहिला प्रश्न हाच, की रात्री आभाळ मोकळं होतं का? निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो, त्यामुळे हवा शून्य अंशाच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढग असले की डोंगराने गोधडी पांघरल्यासारखं होतं आणि सकाळी वर नुसता पापुद्रा सापडतो. फसगत होते ती या पापुद्र्यामुळे.

त्यामुळे काठी जोर लावून खुपसून बघा. आत शिरत नसेल तर उत्तम. पापुद्रा फुटून खाली भिजका बर्फ लागला, बूट घोट्याच्या वर रुतू लागला, मुठीत दाबल्यावर पाणी गळलं, तर सकाळचे सात का वाजले असेनात, तीव्र उतारावर जाऊ नका. उतारावरून बर्फाच्या गुंडाळ्या आपोआप घरंगळताना दिसल्या तर मी लगेच मागे फिरतो.

मला जास्त धास्ती असते ती खालच्या थरांची. हिवाळ्यात तळाशी सुट्या, टोकदार दाण्यांचा कमकुवत थर तयार झालेला असतो आणि तो आठवडेच्या आठवडे गप्प राहतो. मोसमातल्या पहिल्या मोठ्या उष्म्यात, किंवा बर्फावर पाऊस पडला तर, पाणी झिरपत तिथवर पोचतं आणि वरचा अख्खा जड थर एकदम सुटतो. सलग दोन-तीन रात्री गोठण झाली नसेल तर मी बेत सरळ रद्द करतो. मग दिवस कितीही सुंदर असो.

उत्तर गोलार्धात आधी पूर्वेचे उतार तापतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, पण तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर काय आहे ते बघाच. धारेवर वाऱ्याने पुढे आलेले बर्फाचे छज्जे उन्हात कमकुवत होऊन कोसळतात. त्यांच्याखाली जेवायला बसणारे लोक पाहिले की माझा जीव खालीवर होतो.

ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच, आणि वापरायचा सरावही हवा. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, आणि थांबलेला ओला बर्फ इतका घट्ट बसतो की हातांनी उकरता येत नाही. फावडं धातूच्या पात्याचंच घ्या, प्लॅस्टिकचं अशा बर्फात मोडतं.