वाचकांचे प्रश्न : टर्बो ब्युइक ऑनलाइन विकायला काढताना

प्रश्न : माझ्याकडे १९८७ची ब्युइक रीगल ग्रँड नॅशनल आहे आणि ती ऑनलाइन लिलावात टाकायची आहे. ही अस्सल ग्रँड नॅशनल आहे, साध्या रीगलला काळा रंग मारून केलेली नाही, हे लांबच्या खरेदीदाराला कसं पटवायचं? (वाचक, ओहायो)

उत्तर : सुरुवात व्हिनपासून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकापासून करा, पण तिथेच थांबू नका. सतरा अक्षरांतलं आठवं अक्षर ७ असेल, तर ३.८ लिटरचं टर्बो व्ही-६ कारखान्यातूनच बसून आलं आहे. दहावं अक्षर एच म्हणजे १९८७. अकरावं पी म्हणजे मिशिगनमधला पाँटिॲक कारखाना. अडचण अशी की त्या वर्षी हेच इंजिन रीगलच्या इतर प्रकारांतही मिळायचं आणि आठवं अक्षर त्या सगळ्यांत तेच असतं. म्हणजे व्हिनवरून गाडी टर्बो आहे एवढंच कळतं, ग्रँड नॅशनल आहे की नाही ते कळत नाही.

ते कळतं डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदी स्टिकरवरून. त्यावर तीन-तीन अक्षरांचे आरपीओ कोड, म्हणजे गाडीत कारखान्याने काय काय बसवलं त्याच्या खुणा, छापलेले असतात. डब्ल्यूई२ म्हणजे ग्रँड नॅशनल, डब्ल्यूई४ म्हणजे हलकी टर्बो-टी, एलसी२ म्हणजे टर्बो इंजिन. स्टिकरवर व्हिनही असतो. तो डॅशबोर्डवरच्या व्हिनशी जुळतो हे एकाच फोटोसंचात दिसू द्या, कारण मागून ठोकर बसलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीचं झाकण लागलेलं असू शकतं. शिवाय नवे छापलेले स्टिकर बाजारात मिळतात, त्यामुळे जाणकार खरेदीदार एवढ्यावर समाधान मानत नाही. कारखान्याची बिल्ड शीट, म्हणजे गाडी बनताना तिच्यात काय बसवायचं त्याची यादी, शोधा. ती सीटखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर सापडते. इंधनपंप बदलायला टाकी उतरवणारच असाल तर आधी तिथे बघा.

इंजिनाच्या ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर व्हिनचा काही भाग ठोकलेला असतो. ती जागा ग्रीस काढणाऱ्या द्रवाने आणि नायलॉनच्या ब्रशने साफ करा. तारेचा ब्रश वापरू नका. ठसा पुसट झाला की अस्सल गाडीवरही संशय घेतला जातो.

आणखी एक. १९८७ साली २०,१९३ ग्रँड नॅशनल बनल्या. त्यामुळे जाहिरातीत ‘दुर्मीळ’ लिहून भाव वाढत नाही. भाव वाढतो तो कमी मैल, मूळ रंग आणि पहिल्या मालकापासूनचे कागद यांनी. दुर्मीळ आहे ती जीएनएक्स ही ग्रँड नॅशनलचीच खास आवृत्ती, फक्त ५४७. तिचे फेंडरवरचे (पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावरचे) व्हेंट आणि जाळीदार चाकं तुमच्या गाडीला लावलेली असतील तर पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा. पुढे वाद झाला तर तो परिच्छेदच तुमची बाजू सांभाळेल.

प्रश्न : ओडोमीटर ४१,००० मैल दाखवतो. तोच आकडा शीर्षकात टाकू का? (वाचक, टेक्सास)

उत्तर : कागद असतील तरच. या गाडीच्या ओडोमीटरवर पूर्ण मैलांचे पाचच आकडे आहेत. ९९,९९९ नंतर तो शून्यावर येतो, म्हणजे ४१,००० हे १,४१,०००ही असू शकतात. २०१०पर्यंतच्या मॉडेलांना विक्रीच्या वेळी मैल जाहीर करण्याच्या अमेरिकी संघीय नियमातून आता सूट आहे, तरी तुमच्या राज्याच्या टायटलवर (गाडीच्या मालकीच्या दाखल्यावर) काय नोंद आहे ती आधी वाचा. जुनी टायटल, वार्षिक तपासणीच्या पावत्या, ऑइल बदलल्याची बिलं तारखेनुसार लावा. सलग माळ जुळली तर आकडा शीर्षकात द्या. मध्ये दहा वर्षं रिकामी असतील तर ‘ओडोमीटर ४१,००० दाखवतो, एकूण मैल सिद्ध करता येत नाहीत’ असंच लिहा. मीटरचा संच कधी बदलला असेल तर तेही.

प्रश्न : मोठा टर्बो, तीन इंची डाउनपाइप (टर्बोतून धूर पुढे नेणारी नळी) आणि इंजिनाच्या संगणकाची बदललेली चिप बसवलेली आहे. विकण्याआधी गाडी मूळ रूपात आणू का? (वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : घाईघाईने आणू नका. चिपमधलं इंधनाचं गणित ठरावीक मापाच्या इंजेक्टरसाठी आणि ठरावीक ऑक्टेनसाठी केलेलं असतं. मोठे इंजेक्टर तसेच ठेवून मूळ चिप लावली तर गाडी जास्त इंधन पिते, काळा धूर सोडते. उलट मोठ्या इंजेक्टरची चिप ठेवून मूळ छोटे इंजेक्टर लावले तर बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून भरत असताना) मिश्रण विरळ होतं, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) सुरू होतं आणि पहिली जाते हेड गॅस्केट. खरेदीदाराच्या पहिल्याच फेरीत असं झालं तर कोणाचंच भलं होत नाही.

त्यापेक्षा काढलेले मूळ भाग (टर्बो, डाउनपाइप, इंजेक्टर, चिप, हवेच्या फिल्टरचा डबा) धुऊन, एका चादरीवर मांडून त्यांचा फोटो काढा आणि ते गाडीसोबत द्या. या गाड्यांच्या बाबतीत हा ढीग किमतीत खरोखर भर घालतो. जाहिरातीत इंजेक्टरचं माप, चिप कोणत्या ऑक्टेनची, बूस्ट किती पीएसआयवर लावलं आहे हे लिहा. मूळ इंजिनाचा आकडा २४५ हॉर्सपॉवर होता. तुमचा डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) मोजलेला नसेल तर अंदाजाने देऊ नका. स्कॅन टूल लावून पूर्ण ॲक्सिलरेटरवर नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे संगणक ठिणगी जितकी मागे खेचतो तो आकडा) शून्य राहतो हे व्हिडिओत दाखवा. सहाही सिलिंडरची कॉम्प्रेशन (आतल्या दाबाची) चाचणी करून सहाही आकडे द्या. एखाद्याच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल तर त्याचं कारण आधी शोधा.

व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, किती झिजला आहे ते मात्र कॉम्प्रेशनमध्ये धड दिसत नाही. या इंजिनात फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरणारा) आहे आणि झिंक कमी असलेल्या ऑइलवर त्याचा लोब (उंचवटा) झिजतो, विशेषतः तिसऱ्या सिलिंडरचा. व्हॉल्व्ह कव्हर काढून डायल गेजने प्रत्येक व्हॉल्व्हची उचल मोजली की निकाल लागतो.

कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराच्या प्रदूषणाची) तपासणी लागते. राज्यातल्याच खरेदीदाराला विकलीत तर ते प्रमाणपत्र देणं विक्रेत्याची जबाबदारी आहे. डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसेल तर गाडी पास होणार नाही, म्हणून तो बसवावाच लागेल.

प्रश्न : ब्रेकचा लाल दिवा मधूनमधून लागतो. दुरुस्त करून विकू की आहे तशी? (वाचक, जॉर्जिया)

उत्तर : दुरुस्त करूनच. १९८६-८७च्या टर्बो गाड्यांत पॉवरमास्टर नावाची यंत्रणा आहे. इलेक्ट्रिक पंप ब्रेकचं द्रव दाबाखाली एका गोळ्यात, म्हणजे ॲक्युम्युलेटरमध्ये, साठवतो आणि पेडलला मदत तिथून मिळते. गोळ्यातला वायू निघून गेला की साठा उरत नाही आणि पंप सारखा चालू-बंद होतो. साठा संपल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं. इग्निशन बंद ठेवून पेडल किमान दहा वेळा दाबा, मग द्रवाची पातळी बघा. दाब असताना पातळी फसवते, आणि दाब असताना जोड उघडणं धोक्याचंही आहे. आता इग्निशन चालू करा. पंप थोडा वेळ चालून थांबला पाहिजे. ब्रेकला हात न लावता तो पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर आधी गोळा बदला, मग प्रेशर स्विच तपासा. आधीच्या मालकाने त्याऐवजी व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनाच्या निर्वातावर चालणारी ब्रेकची मदत) बसवला असेल तर तसं सांगा. बरेच खरेदीदार त्याला नाखूश नसतात, पण मूळ युनिट फेकू नका.

प्रश्न : फोटो किती आणि कशाचे? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : शंभराच्या पुढे गेले तरी चालतील. काळा रंग ढगाळ दिवशी टिपा. पण बारीक ओरखडे उन्हातच दिसतात आणि खरेदीदाराला ते ठाऊक असतं, म्हणून काही फोटो भर उन्हातलेही द्या. बंपर आणि बॉडी यांच्यामधले प्लॅस्टिकचे फिलर तडकलेले असतील तर जवळून दाखवा. टी-टॉप (छताचे काढता येणारे काचेचे भाग) असेल तर कार्पेट उचलून खालचा पत्रा. लिफ्टवर चढवून मागच्या चाकांजवळची फ्रेम, तीही नवा काळा रंग न मारता. थंड इंजिन सुरू होतानाचा अखंड व्हिडिओ हवाच.

प्रश्न : एक जण न बघताच मागितलेल्या किमतीपेक्षा जास्तीचा कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला चेक) पाठवतो म्हणतो. वरची रक्कम वाहतूकदाराला द्यायची आहे. (वाचक, इलिनॉय)

उत्तर : ही फसवणूक आहे, उत्तरही देऊ नका. असा चेक जमा केला की बँक पैसे लवकर खात्यात दाखवते, पण तो खोटा असल्याचं काही आठवड्यांनीही उघड होऊ शकतं आणि तेव्हा पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल होते. वायर ट्रान्सफर घ्या आणि पैसे आल्याची खात्री स्वतःच्या बँकेला स्वतः फोन करून करा. खरेदीदाराने पाठवलेल्या पावतीवर विसंबू नका. त्यानंतरच टायटलवर सही करा. त्यावर खाडाखोड झाली तर अनेक राज्यांत ते बाद होतं, आणि खरेदीदाराचं नाव कोरं सोडलंत तर पुढचे दंड तुमच्या नावावर येतात. गाडी गेली की राज्याच्या मोटार वाहन खात्याला विक्री कळवा. कॅलिफोर्नियात त्यासाठी पाच दिवस मिळतात.