छायाचित्रण : शंका आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही काही मित्र जूनअखेरीस हिमाचलातल्या स्पितीला जाणार आहोत. गेल्या वर्षी तिथल्याच किन्नौरमध्ये मी गावकऱ्यांची छायाचित्रे काढली. विचारून काढली की माणसे शाळेच्या कवायतीसारखी ताठ उभी राहत आणि न विचारता काढली की तोंड फिरवत. एका आजींनी तर हाताने चेहराच झाकून घेतला. माझ्याकडे डीएसएलआर आणि १८-५५ मिलिमीटरचे भिंग आहे. लांबून, कोणाला न कळता सहज भाव टिपता यावेत म्हणून ७०-३००चे भिंग घ्यावे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : एवढ्यासाठी घेऊ नये. जानेवारीत आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसमोर बाहेरगावचे छायाचित्रकार अगदी गुडघे टेकून बसतात आणि बाराबंदीतल्या मानकऱ्यांना त्याचे काही वाटत नाही, कारण मिरवणूक चारचौघांनी पाहावी म्हणूनच निघालेली असते. तोच छायाचित्रकार दुसऱ्या दिवशी विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत गेला आणि मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात बसलेल्या बाईवर त्याने गल्लीच्या तोंडापासून लांब भिंग रोखले, तर ती पदर ओढून आत निघून जाईल आणि शेजारीण त्याला दोन शब्द सुनावेल. किन्नौरच्या आजींनी याहून वेगळे काही केले नाही. शिवाय ३०० मिलिमीटरने दुरून घेतलेल्या चित्रात चेहरा मोठा दिसला तरी घर, चूल, हातातले काम हे सारे बहुधा चौकटीबाहेर राहते किंवा मागे धूसर होऊन जाते.

सहज भावाचे चित्र परवानगी मिळाल्यानंतरही मिळते, किंबहुना बहुतेक वेळा तेव्हाच मिळते. फक्त ते पहिल्या क्लिकला मिळत नाही. गावात गेल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवावा. लडाख-स्पितीत नमस्कारासाठी ‘जुले’ म्हणतात, आणि जुळे सोलापूरच्या माणसाने हा शब्द विसरण्याचे काही कारण नाही. बसायला जागा मिळाली की बोलण्यासाठी आपल्याजवळ इतरांपेक्षा चांगला विषय आहे, तो म्हणजे सूत. हिमाचलात चालता-बोलता टकळीवर लोकर कातणारी माणसे दिसतात आणि कित्येक घरांत हातमाग असतो. चादरींच्या गावाहून आलेल्या माणसाने ‘ताणा किती हातांचा घेता?’ असे मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, तर समोरचा मागावर बसून दाखवल्याशिवाय राहत नाही.

मग छायाचित्राविषयी विचारावे. पहिले चित्र ताठच येईल. ते मनापासून काढावे, पडद्यावर त्यांना दाखवावे आणि कॅमेरा मांडीवर ठेवून गप्पा पुढे चालू ठेवाव्यात. ते चित्र पाहून कोणी हसते, कोणी सुनेला हाक मारते, कोणी डोक्यावरची टोपी नीट करून पुन्हा कामाला लागते. आपल्याला हवे असलेले चित्र या वेळी असते. माझा अनुभव असा, की परवानगीनंतरच्या पहिल्या पाच-सहा चित्रांपैकी मी क्वचितच एखादे ठेवतो. एकदा अशाच एका घरी मी घाईने पहिल्याच दोन चित्रांवर समाधान मानून उठलो आणि दारातून मागे वळून पाहिले, तर म्हातारबाबा टकळीला गिरकी देत नातवाकडे बघून डोळे मिचकावत होते. कॅमेरा तोवर पिशवीत गेला होता.

भिंगाचे म्हणाल तर ५० मिलिमीटर, एफ १.८ हे स्वस्त भिंग पाहावे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ते साधारण ७५ ते ८० मिलिमीटरसारखे वागते, दीड-दोन मीटरवरून खांद्यापर्यंतचा चेहरा नीट बसतो आणि तेवढ्या अंतरावरून बोलताही येते. स्पितीतले मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत दुपारचे ऊन इतके कडक असते, की टोपीखालचे डोळे काळ्या सावलीत बुडतात. म्हणून माणसाला उंबऱ्याच्या आत, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून बसू द्यावे, फोकसचा एकच बिंदू जवळच्या डोळ्यावर ठेवावा आणि हात हलते असतील तर शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नये. मागे बर्फ किंवा पांढरी भिंत असल्यास कॅमेरा फसून चेहरा काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवावे. फ्लॅश घरीच ठेवलेला बरा.

प्रश्न : मुलांना चॉकलेट आणि मोठ्यांना पैसे देऊन छायाचित्र काढणे योग्य आहे का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : चॉकलेट देऊ नये, पुढच्या पर्यटकाच्या मागे तीच मुले हात पसरून धावतात. मुलांच्या चित्रासाठी आईवडिलांना विचारावे. मोठ्यांना पैसे पुढे केले की माणूस पुन्हा ताठ उभा राहतो, कारण आता त्याला ‘काम’ करायचे असते. त्यापेक्षा त्यांच्याच घरी मुक्काम करावा, त्यांनी विणलेले मोजे घासाघीस न करता विकत घ्यावेत. मठांत मात्र फलक पाहिल्याशिवाय कॅमेरा काढू नये. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या ताबो मठात भित्तिचित्रे असलेल्या मंदिरांच्या आत छायाचित्रण करू देत नाहीत.

प्रश्न : ‘फोटो पाठवतो’ असे मी दरवेळी सांगतो आणि ते राहूनच जाते. यावर काही उपाय?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : हा दोष माझ्यातही होता. आता मी खिशात छोटी वही ठेवतो आणि चित्र काढल्यावर लगेच त्या माणसाच्याच हातून नाव, गाव आणि जवळचे टपाल कार्यालय लिहून घेतो. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात गावातल्या स्टुडिओत चार बाय सहाच्या दोन-दोन प्रती छापून घेतो, मागच्या बाजूला तारीख लिहितो आणि कडक पुठ्ठा घालून पाकीट टपालात टाकतो. स्पितीतल्या हिक्कीमसारख्या ४,४०० मीटर उंचीवरच्या गावीही टपाल कार्यालय आहे. हिवाळ्यात बर्फाने रस्ते अडतात, तेव्हा आपली पाकिटे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रवाना व्हावीत. ज्या घरी मुक्काम केला त्यांच्या नावाने एकच मोठे पाकीट पाठवले, तर ते गावभर वाटून टाकतात. नाव लिहिताना माणूस वहीवर वाकतो, तेव्हा कॅमेरा हाताशी असू द्यावा.