वाचक विचारतात : बिग बँग म्हणजेच सृष्टीची निर्मिती का?

प्रश्न : तुम्ही रोज रात्री एवढं अफाट आकाश बघता, मग तुमचा देवावर विश्वास आहे की नाही? गोलमाल उत्तर नको.

उत्तर : नाही. पण ते मी आकाश बघून ठरवलेलं नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून तेच आकडे बघणारे माझे सहकारी चांगले भाविक आहेत, आणि त्यांच्या नि माझ्या ग्राफमध्ये काडीचाही फरक नसतो. बाकी 'रोज आकाश बघता' हा गोड गैरसमज आहे बरं का, आम्ही कंट्रोल रूममध्ये बसून स्क्रीन बघतो आणि ढग आले की एकमेकांची तोंडं.

प्रश्न : बिग बँग म्हणजे धर्मग्रंथांत सांगितलेली सृष्टीची निर्मितीच झाली ना? मग विज्ञानाने शेवटी धर्माचंच म्हणणं सिद्ध केलं असं का म्हणू नये?

उत्तर : हा मोह भल्याभल्यांना झालाय, आणि गंमत म्हणजे त्याला नकार दिला तो एका पाद्र्यानेच. बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र, कॅथलिक पाद्री आणि पक्का गणिती. आइन्स्टाइनची समीकरणं घेऊन त्याने १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावतंय असं मांडलं, आणि १९३१ मध्ये म्हणाला की मागे मागे जात गेलं तर सगळं एका 'आदिम अणू'तून निघालं असणार. आता पाद्री 'सुरुवात' म्हणतोय म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर जाणारच. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलला तर ही सुरुवात मुळीच मान्य नव्हती, पण १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव दिलं ते त्यानेच, आणि तेच चिकटलं!

पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या सिद्धांताची सांगड सृष्टीच्या निर्मितीशी घातली. लमेत्र खूश व्हायला हवा होता, पण तो उलट अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं असं, की हा सिद्धांत देवाधर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो मानणाऱ्याने आस्तिक व्हावं की नास्तिक हे त्याचं त्याने बघावं. मला हा माणूस फार आवडतो. उद्या सिद्धांत चुकला तर आपली श्रद्धा त्याच्याबरोबर बुडू नये, आणि श्रद्धेपायी सिद्धांताला कोणी झुकतं मापही देऊ नये, दोन्ही काळज्या त्याने एकदम घेतल्या.

आणि सिद्ध नेमकं काय झालंय तेही बघा ना. १९६४-६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात एक खरखर येत होती, काही केल्या जाईना, आत कबुतरं राहत होती म्हणून त्यांची विष्ठासुद्धा साफ करून झाली, खरखर तशीच. ते निघालं विश्वाच्या बालपणीचं प्रारण, म्हणजे तेव्हाचा प्रकाश, आज २.७ केल्विन (सुमारे उणे २७० अंश सेल्सियस) इतकं थंड झालेलं. पण हा प्रकाश सुटला सुरुवातीनंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी, त्याआधीचं विश्व प्रकाशाला अपारदर्शक, म्हणजे दाट धुक्यात दिवा दिसू नये तसं. विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी अतितप्त, अतिघन होतं एवढं आम्ही ठामपणे सांगतो. ते तसं कोणी केलं, किंवा कोणी केलंच नाही, यातलं काहीच त्या खरखरीत ऐकू येत नाही.

प्रश्न : विज्ञान सारखं बदलतं, धर्म हजारो वर्षं तोच आहे. मग भरवसा कशावर ठेवायचा?

उत्तर : धर्मही बदलतात हो, फक्त सावकाश आणि गाजावाजा न करता. विज्ञानाचं म्हणाल तर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएचं बघा. युरेनस वाट सोडून चालतोय म्हणजे पलीकडे कोणीतरी ओढतंय, असं कागदावर मांडून त्याने जागा सांगितली आणि १८४६ मध्ये नेपच्यून जवळपास तिथेच सापडला. मग बुधाची कक्षाही किंचित चुकते म्हणून तोच डाव परत टाकला, सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह असणार म्हणून. काही जणांना तो 'दिसला'सुद्धा! ग्रह नव्हताच. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाने समजावला. माणूस तोच, युक्तिवाद तोच, एकदा बरोबर एकदा चूक, आणि चूक कळली ती आकाशाकडूनच. माझा भरवसा यावर आहे.

प्रश्न : मग तत्त्वज्ञानाचं काय काम उरलं?

उत्तर : भरपूर. आमच्याकडे विश्व एकच आहे, तुलनेला दुसरं नाही, मग 'हे असंच का' या प्रश्नाला उत्तर म्हणायचं तरी कशाला? काळच तिथून सुरू झाला असेल तर 'आधी' या शब्दाला अर्थ आहे का? यावर आमच्यातले काही जण नाक मुरडतात आणि मग जेवणाच्या सुट्टीत तेच बोलत बसतात. मुळात काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा तर माझा सगळ्यात लाडका प्रश्न. फक्त त्यासाठी दुर्बिणीचा वेळ मागायचा अर्ज कसा लिहायचा ते अजून सुचलेलं नाही.