हॉल आधी की माणसं?

प्रश्न : पाळकसाहेब (पास्टर), सलाम. आम्ही नगर-जालन्याकडचे, नोकरीपायी पुण्याजवळ मोशीत आलो. वर्षभर सात कुटुंबं दर शुक्रवारी आमच्या फ्लॅटवर प्रार्थनेला जमतात. आता हॉल भाड्याने घेऊन सेवाकार्य करणारी स्वतंत्र मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करावी, असं तरुण म्हणतात. सुरुवात कशी करावी? — एक भगिनी, मोशी

उत्तर : सलाम, ताई. हॉलचं इतक्यात नाव काढू नका. तीस वर्षांपूर्वी भोसरीत मी तेच केलं. अकरा महिन्यांचा करार, पन्नास खुर्च्या, माइक. माणसं एकोणीस, त्यातली चौदा दुसऱ्या मंडळीतून रुसून आलेली. अर्पण सगळं भाड्यात जायचं. आजाऱ्याला भेटायला जायचं तर रिक्षाला पैसे नसत. करार संपल्यावर खुर्च्या विकल्या आणि एका वेल्डरच्या खोलीत बसू लागलो. त्याच्या बायकोने चाळीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली. मुलांना न्यायला आलेल्या आया भजनं संपेपर्यंत दारात थांबू लागल्या. आमची मंडळी तिथून धरली.

शुक्रवार कुणी ठरवला? तुमच्या भागात कित्येक वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी असते. रविवारीही कामावर जाणाऱ्या पोरांना उपासना मिळतच नाही. त्यांच्यासाठी गुरुवारी सकाळी बसा. आधी मात्र तुमच्या जुन्या मंडळीच्या पाळकांना भेटून सांगा, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, त्यांनाच बोलवा. चोरून वेगळं होऊ नका.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. तुम्हीही दारात कुणाला बाप्तिस्म्याचं विचारू नका, आणि मदतीला तर ती अट कधीच लावू नका. पण १९१९ ला टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. तुमच्याकडे सगळं तुमच्या मिस्टरांवर आहे, असं पत्रावरून दिसतं. हिशेब एकाकडे, आजाऱ्यांच्या भेटी दुसऱ्याकडे, वचन, म्हणजे बायबलवरचं प्रवचन, आळीपाळीने, असं आजच वाटून द्या. वचन सांगताना पोरं अडखळतील, अडखळू द्या.

पावतीपुस्तक छापण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात ट्रस्ट नोंदवा आणि दरवर्षी ऑडिट करून घ्या. मी हे पाच वर्षं टाळलं, मग जुन्या पावत्या शोधता शोधता घाम फुटला.

गुरुवार ठरला की कळवा, मी येईन. चहा बिनसाखरेचा.